ऑयलर म्हणजे कुंभार: जर्मन आडनावांचा अर्थ लावताना

‘ऑयलर’ या आडनावाचा संबंध घुबडाशी जोडावासा वाटणे स्वाभाविक आहे, कारण आजच्या जर्मन भाषेत ‘ऑयले’ म्हणजे घुबड. परंतु हेसेन आणि मध्य ऱ्हाइनच्या पट्ट्यात या आडनावाचा अर्थ कुंभार असा आहे. लॅटिनमधील ‘ओल्ला’, म्हणजे मडके, हा शब्द जुन्या जर्मनमध्ये ‘ऊला’ झाला आणि मडकी घडवणाऱ्याला त्यावरून नाव मिळाले.

त्याच कुंभाराला दक्षिणेत ‘हाफ्नर’, पूर्वेकडील मध्य जर्मनीत ‘टोप्फर’ आणि उत्तरेत ‘पोटर’ म्हणत. आडनावे साधारणपणे बाराव्या ते सोळाव्या शतकांत स्थिर होत गेली. तेव्हा सर्व प्रदेशांना समान अशी प्रमाण जर्मन भाषा अजून घडायची होती, त्यामुळे ज्या प्रदेशात जो शब्द रूढ होता तोच तिथल्या घराण्याला चिकटला. ‘हाफ्नर’ पाहून बंदराची आठवण होते, कारण प्रमाण जर्मनमध्ये ‘हाफन’ म्हणजे बंदर. दक्षिणेच्या बोलींत मात्र ‘हाफन’ म्हणजे मडकेच. म्हणून आडनाव कोणत्या प्रदेशातले हे ठाऊक नसताना आजचा कोश उघडून अर्थ ठरवणे मला धोक्याचे वाटते. गणितज्ञ लिओनहार्ड ऑयलर १७०७ मध्ये बाझेलला जन्मले, म्हणजे ‘हाफ्नर’ शब्दाच्या प्रदेशात. तेव्हा त्यांच्या आडनावालाही कुंभार हा अर्थ डोळे मिटून लावू नये.

‘शुल्त्से’ आणि ‘शोल्त्स’ ही आडनावे ‘शुल्टहाइस’ या अधिकारपदावरून आली. लोकांना त्यांची देणी व कर्तव्ये बजावण्यास सांगणारा, असा त्याचा मूळ अर्थ आहे. पुढे अनेक ठिकाणी तो गावाचा प्रमुख झाला; आपला पाटील त्याच्या बराच जवळचा. ‘मायर’ हे लॅटिन ‘मायोर’, म्हणजे ‘अधिक मोठा’, यावरून आले. आधी जमीनदाराच्या शेतीचा कारभारी, नंतर मोठे शेत खंडाने करणारा, असा त्याचा अर्थ बदलत गेला. लोहाराबाबत अशी अडचण कमी येते: जर्मन ‘श्मिट’, फ्रेंच ‘लफेव्र’, स्पॅनिश ‘एर्रेरो’ आणि हंगेरियन ‘कोवाच’. यांतला ‘कोवाच’ हा शब्द मात्र हंगेरियनने स्लाव भाषांतून उचललेला आहे.

शेवटच्या ‘-अर’ प्रत्ययाचे काय, हा प्रश्नही महत्त्वाचा आहे. ‘म्युलर’ (पीठगिरणीवाला) आणि ‘फिशर’ (मासेमार) यांत तो व्यवसाय दाखवतो, तर ‘आडेनाउअर’मध्ये आडेनाऊ या गावचा, म्हणजे आपल्या ‘चिपळूणकर’सारखा. व्यवसायवाचक ‘-अर’ लॅटिन ‘-आरिउस’ पासून आला असून आपल्या ‘लोहार’, ‘कुंभार’ यांतला ‘-आर’ संस्कृत ‘-कार’चा अवशेष आहे. उच्चार जवळचे असले तरी या दोहोंचा परस्परांशी संबंध नाही.