पिवळीला परत बाकीच्यांत कधी सोडू?

गोराईहून, रविवारी रात्री

नमस्कार मंडळी,

जूनपासून मी मुंबईत, गोराईला आईकडे आहे. मेलबर्नला बऱ्याच जणांकडे अंगणात कोंबड्या आहेत, म्हणून आपल्या या मेलबर्नच्या मेल-गटावरच विचारते.

आईच्या पाच कोंबड्या आहेत. चार दिवस पावसाची झड लागली होती, त्या आतच कोंडलेल्या होत्या. आज दुपारी उघडीप झाल्यावर खुराडं उघडलं तर पिवळी कोपऱ्यात, भिंतीत तोंड खुपसून उभी. शेपटीच्या मुळाशी पिसं नाहीत, कातडी सोललेली आणि आतलं मांस उघडं. चोची चौघींच्याही लाल होत्या, पण कवडीची सगळ्यांत जास्त. ती तर माझ्यासमोर पुन्हा टोचायला धावली. आईने हळद दाबून धरली, रक्त थांबलं. आता पिवळी स्वयंपाकघरात डालग्याखाली आहे. पाणी प्यायली, दाण्याला तोंड लावलेलं नाही.

शेजारच्या मावशी म्हणाल्या, एकदा रक्ताची चटक लागली की तिला बाकीच्या जगू देत नाहीत, कापून टाका. तेव्हापासून आई बोलत नाहीये. बाबा गेले त्याच आठवड्यात पिवळी अंड्यातून बाहेर आली होती. तिला बरं करायचं आहे आणि परत बाकीच्यांत सोडायचंही आहे. काकू, तुम्ही मागे असं केल्याचं आठवतं. काय करू?

———

मेलबर्नहून, सोमवारी सकाळी

अगं, आधी आईला सांग की पिवळी वाचेल. कोंबडीची कातडी फार लवकर भरून येते. माझ्या एकीची पाठ याहून वाईट झाली होती, ती पुढे तीन वर्षं अंडी देत होती.

तिला लगेच बाजूला काढलंत हे उत्तम केलंत. लाल रंग दिसला की कोंबड्यांना टोचल्यावाचून राहवत नाही, रोजची मैत्रीणही सोडत नाही. म्हणून जखमेवरची लाली जाईपर्यंत तिला त्यांच्यात सोडायचं नाही, एक तासभरसुद्धा नाही.

जखम धुवायला लिटरभर उकळून कोमट केलेल्या पाण्यात ९ ग्रॅम मीठ घाल, सपाट दीड छोटा चमचा होतं. सिरिंजने हळूहळू धार सोड, चोळू नकोस. कडेची पिसं कात्रीने आखूड कर म्हणजे ती जखमेत चिकटणार नाहीत. मात्र रक्त भरलेली कोवळी पिसं, ज्यांचा दांडा जांभळट दिसतो, ती कापू नकोस, त्यांतून भळाभळा रक्त येतं. मग पोव्हिडोन आयोडीन फिक्या चहाच्या रंगाचं होईल इतकं पातळ करून लाव. दिवसातून दोनदा.

आता माझी खरी काळजी. बहुतेक लोक जखम बरी करतात आणि परत सोडण्यात चुकतात. पिवळीला स्वयंपाकघरात ठेवू नकोस. आज राहू दे, तिला शांतता हवी आहे. पण उद्या-परवा ती सावध झाली की खुराड्याला लागूनच, मध्ये जाळी घालून ठेव. कोंबड्यांमध्ये कोण कोणाला टोचणार आणि कोण मान खाली घालणार याची उतरंड पक्की असते. नॉर्वेच्या थोरलीफ शेल्डेरुप-एब्बे यांनी ती १९२१ साली पहिल्यांदा नीट मांडली, लहानपणापासून कोंबड्यांकडे बघत बसून. दोन-तीन आठवडे एखादी नजरेआड झाली की बाकीच्यांना ती परकी वाटते, आणि परकीला सगळ्याच मारतात. जाळीतून रोज दिसत राहिली, शेजारी बसून दाणे टिपत राहिली, तर ती घरातलीच राहते.

आणि हे घडलं का, ते शोध. खुराडं केवढं आहे गं?

———

सोमवारी दुपारी

सभासदहो, मी परळच्या व्हेटरनरी कॉलेजचा जुना विद्यार्थी, आता निवृत्त आहे. काकूंनी सांगितलेलं बरोबर आहे, तीन गोष्टी जोडतो.

पहिली आणि सर्वांत तातडीची म्हणजे माश्या. जुलैत मुंबईत उघड्या जखमेवर माशी बसली तर चोवीस तासांच्या आत अळ्या होऊ शकतात. पिवळीचं डालगं मच्छरदाणीने झाका, खालचा भुसा किंवा कागद रोज दोनदा बदला, जखम सकाळ-संध्याकाळ उजेडात बघा. वास आला किंवा काही वळवळलं तर थांबू नका, डॉक्टरांकडे न्या. टर्पेंटाइन, फिनाईल यांतलं काहीही ओतू नका. अळ्या मरतात, पण पक्षीही जातो.

दुसरी, घरातली दुखणं सुन्न करणारी मलमं लावू नका. ज्यांच्या नावाच्या शेवटी 'केन' येतं अशी औषधं पक्ष्यांना सहज जास्त होतात. माणसांची वेदनाशामक गोळी तोडून देणं तर अजिबात नको. हळदीचं रक्त थांबवण्याचं काम झालं, आता रोज नवा थर देऊ नका, खाली पू झाला तर दिसणार नाही.

तिसरी, डॉक्टरांनी प्रतिजैविक दिलं तर अंडी किती दिवस खायची नाहीत ते त्यांनाच विचारा. होडीने बोरिवलीला जाणं जमत असेल तर एकदा दाखवाच. जखम स्नायूपर्यंत गेली आहे का, हे मेलवरून कोणी सांगू शकत नाही.

———

गोराईहून, गुरुवारी

काकू, डॉक्टरकाका, दोघांचेही मनापासून आभार. मंगळवारी टोपलीत घालून, वर ओढणी बांधून होडीने नेलं. स्नायू शाबूत आहे. टाके नाहीत, प्रतिजैविक नाही. धुणं आणि आयोडीन तेवढंच चालू ठेवायला सांगितलं.

खुराडं मोजलं. तीन फूट बाय तीन फूट, म्हणजे एकेकीला दोन चौरस फूटही नाही. बाहेर हिंडायला मिळायचं तोवर ते फक्त झोपायला होतं, पावसात तेच घर झालं. आणि आई गेला महिनाभर नुसती कणी घालत होती, कारण सुकट महागली.

———

मेलबर्नहून, गुरुवारी

सापडलं तर! आत कोंडायच्याच असतील तर कोंबडीमागे निदान चार चौरस फूट लागतात. नुसत्या कणीवर प्रथिनंही पुरत नाहीत. अंड्यावरच्या कोंबडीच्या खाण्यात १६ ते १८ टक्के प्रथिनं हवीत, ती कमी पडली की त्या एकमेकींची पिसं उपटून खायला लागतात. थोडा जवळा घाला, पण बिनमिठाचा, उन्हात वाळवलेला. खारवलेली मासळी कोंबड्यांना घालू नका, मीठ त्यांना बाधतं.

कवडीवर राग धरू नकोस. पिवळीला सोडायच्या चार दिवस आधी कवडीला वेगळं काढ, अगदी दिसणार नाही अशा जागी. परत येईल तेव्हा तिचाही तोरा उतरलेला असेल.

———

गोराईहून, पुढच्या महिन्यात, मंगळवारी

मंडळी, शेवटपर्यंत काय झालं ते लिहिते, कोणाला तरी उपयोगी पडेल.

मामाने खुराड्यापुढे ताडपत्री ताणून, जाळी लावून सहा बाय पाचचा पडवीसारखा भाग केला. पावसातही कोरडा राहतो. पिवळी अकरा दिवस त्यातच जाळीपलीकडे होती. आठव्या दिवशी खपली पडली, खाली गुलाबी कातडी होती आणि काट्यांसारखी नवी पिसं. मला तेव्हाच सोडायची घाई झाली होती, पण आई म्हणाली, गुलाबी म्हणजे अजून लालच. तिचं बरोबर होतं. अजून तीन दिवस थांबलो.

तोवर कवडी शेजारी मावशींकडे गेली होती, त्यांनीच "आण इकडे" म्हटलं. पिवळीजवळ आधी एकटी काळी सोडली, ती सगळ्यांत गरीब. दोघी दिवसभर पालेभाजीची देठं टिपत होत्या. त्या रात्री अंधार पडल्यावर पिवळीला उचलून बाकीच्यांबरोबर दांडीवर बसवलं. सकाळी साडेपाचला आई आणि मी खुराड्यासमोर बसून होतो. तांबडीने एकदा टोच मारली, पिवळी मान खाली घालून बाजूला झाली, तांबडीने सोडून दिलं. काकू, तुम्ही सांगितलं होतं की एक-दोन टोचा होणारच, मध्ये पडायचं नाही, रक्त दिसलं किंवा कोपऱ्यात कोंडलं तरच हात घालायचा. आईचा हात मी धरून ठेवला होता.

दाण्याची भांडी आता दोन आहेत, पाण्याचीही दोन, लांब लांब. फ्लॉवरचा दांडा दोरीने टांगला आहे, दिवसभर त्यालाच टोचत बसतात.

कवडीला चौथ्या रात्री आणलं. आल्या आल्या तिने तांबडीशी छाती भिडवली, हरली, आणि दांडीच्या टोकाला जाऊन बसली. पिवळीकडे गेली नाही. आज सहावा दिवस. पिवळी दांडीवर काळीच्या बाजूला झोपते, आणि काल तिने पहिलं अंडं दिलं. आईने ते मावशींकडे पोचवलं.