मदत हवी आहे : रेगा फोनो मिनी की आयफाय झेन फोनो?

मध्यलय (धागाकर्ता)
नमस्कार. मला शनिवारपर्यंत एक फोनो स्टेज (टर्नटेबलचा क्षीण सिग्नल अँप्लिफायरजोगा वाढवणारे उपकरण) नक्की करायचा आहे, कारण तो आणणारा माझा भाचा रविवारी पहाटे लंडनहून निघणार आहे. माझ्याकडे टेक्निक्सचा एसएल-१२०० मार्क टू हा टर्नटेबल असून तो एका जुन्या अँप्लिफायरच्या फोनो इनपुटला जोडलेला आहे. आवाज फार क्षीण येतो आणि व्हॉल्यूम वाढवत नेला की विलंबित आलापात तानपुऱ्याच्या आधी घरघर ऐकू येते. रेगाचा फोनो मिनी एटूडी आणि आयफायचा झेन फोनो या दोन नावांवर मी येऊन थांबलो आहे. दोन्ही मला परवडतात. कृपया एकच नाव सांगावे.

तारसप्तक
एकच नाव सांगायला जी गोष्ट लागते, तीच तुम्ही लिहिलेली नाही. कार्ट्रिज, म्हणजे सुई धरणारा आणि तिच्या कंपनांची वीज करणारा भाग, कोणते आहे? अर्थची वायर अँप्लिफायरला जोडलेली आहे का?

जुनी सुई
दोन्ही नावे बाजूला ठेवा आणि व्हॉल्व्हचा, म्हणजे काचेच्या नळ्यांवर चालणारा, फोनो स्टेज घ्या. मी नऊ वर्षे तोच वापरतो आहे आणि सारंगीचा जो भरीव नाद त्यातून मिळतो, तो मला इतर कशातूनही मिळालेला नाही.

मध्यलय
वायर जोडलेली आहे. टर्नटेबलचे नाव दिल्यावर कार्ट्रिज का विचारले जाते, हे मला कळलेले नाही. सात महिन्यांपूर्वी मी डेनॉनचे डीएल-१०३ बसवले. प्रश्न फोनो स्टेजचा आहे.

तारसप्तक
सगळे उत्तर त्या कार्ट्रिजमध्येच आहे. डीएल-१०३ हे मूव्हिंग कॉइल, म्हणजे एमसी प्रकारचे कार्ट्रिज आहे आणि त्याचे आउटपुट अवघे ०.३ मिलिव्होल्ट आहे. मूव्हिंग मॅग्नेट, म्हणजे एमएम प्रकारचे साधारण कार्ट्रिज ३ ते ५ मिलिव्होल्ट देते. जुन्या अँप्लिफायरचे फोनो इनपुट बहुधा एमएमसाठीच, सुमारे ४० डेसिबल गेनचे, म्हणजे शंभरपट वाढ करणारे असते. ०.३ चे शंभरपट केल्यावर हाती ३० मिलिव्होल्ट येतात, आणि ती तूट तुम्ही व्हॉल्यूम वाढवून भरून काढता, तेव्हा घरघरही त्याच पटीत वाढते. त्यात भर अशी की एलपी कापताना दबवलेले खालचे स्वर प्रत्येक फोनो स्टेज आरआयएए या ठरलेल्या मानकाप्रमाणे पुन्हा उचलतो. आपल्या विजेची ५० हर्ट्झची गुणगुण १००० हर्ट्झच्या तुलनेत जवळजवळ १७ डेसिबल वर येते. रेगाचा फोनो मिनी फक्त एमएमसाठी आहे, त्यामुळे तो आणलात तर आज आहात तिथेच राहाल. झेन फोनोमध्ये ३६, ४८, ६० आणि ७२ डेसिबल असे चार टप्पे आहेत. ६० वर ठेवलात की ३०० मिलिव्होल्ट मिळतील आणि तेवढे पुरेसे आहेत.

तांब्याची तार
नवा फोनो स्टेज घेण्याची गरजच नाही. एकास दहाचा स्टेप-अप ट्रान्सफॉर्मर, म्हणजे कार्ट्रिजचा व्होल्टेज दहापट करणारा, मध्ये जोडा. २० डेसिबल तिथेच मिळतात, आणि एमएम इनपुटचा ४७,००० ओमचा विद्युत भार कार्ट्रिजला ४७० ओम दिसतो. डेनॉनची शिफारस १०० ओम किंवा अधिक अशी आहे, म्हणजे तेही बसते. हे कार्ट्रिज मुळात जपानच्या एनएचके या प्रसारण संस्थेसाठी घडवलेले आहे आणि ट्रान्सफॉर्मरशी त्याचे उत्तम जुळते, हे मी स्वतः ऐकून सांगतो आहे.

तारसप्तक
हिशेब बरोबर आहे, पण सल्ला या घरासाठी योग्य नाही. ट्रान्सफॉर्मर स्वतःच विजेची गुणगुण ओढून घेतो, आणि तो अँप्लिफायरच्या पॉवर ट्रान्सफॉर्मरजवळ ठेवला तर ज्या त्रासासाठी हा धागा निघाला तोच वाढेल.

तांब्याची तार
दोन फूट दूर ठेवून आडवा-उभा फिरवून पाहिला की गुणगुण जाते. न वापरता नाकारू नये.

डमडम ७८
एक महत्त्वाची गोष्ट कोणीच सांगितली नाही. ७८ च्या तबकड्यांना आरआयएएची वळणरेषा लागू पडत नाही; त्या मानकाच्या आधी प्रत्येक कंपनीची रीत वेगळी होती. शिवाय त्यांच्या रुंद खोबणीला साधारण ७५ मायक्रॉनची सुई लागते, एलपीची सुई तिच्या तळाशी घासते. म्हणून ही वळणरेषा बदलता येणारा फोनो स्टेजच घ्यावा.

मध्यलय
माझ्याकडे ७८ ची एकही तबकडी नाही. तारसप्तक यांचे म्हणणे तपासण्यासाठी आज दुपारी जुने एमएम कार्ट्रिज पुन्हा बसवले. पूर्वीसारखा भरपूर आवाज आला आणि घरघर जवळजवळ नाहीशी झाली. सात महिने मी अँप्लिफायरला दोष देत होतो. मग झेन फोनोच मागवतो. रेगाचे नाव मी यासाठी घेतले होते की वडिलांच्या साठ-सत्तर एलपी संगणकावर उतरवायच्या आहेत आणि त्याला यूएसबी आहे. झेन फोनोमधून ते होईल ना?

तारसप्तक
हे पहिल्याच संदेशात हवे होते. झेन फोनोला यूएसबी आउटपुट नाही. त्याच्या आउटपुटपुढे लाइन इनपुट असलेला एक साधा ऑडिओ इंटरफेस, म्हणजे आवाज संगणकात नेणारे उपकरण, जोडावा लागेल. तो भारतातही सहज मिळतो, त्यासाठी भाच्याला थांबवू नका. डीएल-१०३ च्या सुईचा तबकडीवरचा भार २.५ ग्रॅम ठेवला आहे का, तेवढे मात्र आजच पाहा, कारण तुमच्या जुन्या कार्ट्रिजचा भार बहुधा कमी असेल.