हिरवी टिक खोटं बोलते! क्लाउडच्या डेस्कटॉप ॲपवाल्यांना काय काय कळवायचं, सुचवा

पत्रिकावाला_अमळनेर

नमस्कार मंडळी. माझं अमळनेरला लग्नपत्रिका, फ्लेक्स, अल्बम डिझाइनचं दुकान आहे. दुकानात दोन पीसी, घरी एक, तिन्हीवर एकच क्लाउड स्टोरेजचं ॲप टाकलंय. नाव घेत नाही, पण दरवर्षी पैसे भरतो एवढं सांगतो. आता त्यांचा फॉर्म आलाय, डेस्कटॉप ॲपमध्ये काय सुधारणा हव्यात ते कळवा म्हणून. मी एकट्याने भरला तर नुसत्या शिव्याच जातील, म्हणून इथे विचारतोय.

झालं असं की आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आधीचा आठवडा, म्हणजे आमच्याकडे पाणी प्यायला फुरसत नसते. रात्री साडेनऊला शेवटचं करेक्शन केलं, वधूच्या मामांचं नाव राहिलं होतं ते टाकलं, सेव्ह मारलं, खाली कोपऱ्यात ढगावर हिरवी टिक बघितली, मेन स्विच बंद, शटर खाली. सकाळी घरच्या पीसीवरून तीच फाइल धुळ्याला छपाईला पाठवली आणि ८०० पत्रिका मामांशिवाय छापून आल्या. आता लग्नात मामा म्हणजे काय हे खान्देशात कोणाला सांगायला नको. दुकानात जाऊन बघतो तर टिक बाकीच्या फाइलींची होती, ही एक कोरलमध्ये (आमचं डिझाइनचं सॉफ्टवेअर) उघडी होती म्हणून ॲपने बाजूला ठेवलेली, आणि तसं लिहिलेलं पण होतं, तीन क्लिक आत, बारीक अक्षरात.

तर माझं पहिलं मागणं हेच की काय गेलं ते नका सांगू, काय गेलं नाही ते सांगा, आणि पीसी बंद करायच्या आधी सांगा. दुसरं म्हणजे अपलोडची वेळ मला ठरवू द्या, रात्री १२ ते सकाळी ६. दिवसा गिऱ्हाईक समोर बसलेलं असतं, त्याला व्हॉट्सॲपवर प्रूफ टाकायचं तर ते जात नाही, कारण मागे ॲप ४०० एमबीची फाइल चढवत बसलंय. ते पण एका फोन नंबरचा एक आकडा बदलला म्हणून अख्खी फाइल पुन्हा! तुमचे काय अनुभव, सांगा.

बोदवडचा_पुण्यात

दादा, मामांचं वाचून हसू की रडू कळेना. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे (तुमच्या त्या कंपनीत नाही, आधीच सांगतो). ४०० एमबीचा हिशोब बघा. नेटवाला स्पीड बिटमध्ये सांगतो आणि फाइल असते बाइटमध्ये, म्हणजे आठाने गुणायचं. अपलोडला खरोखर ४ एमबीपीएस मिळत असेल तर ४०० गुणिले ८ भागिले ४, ८०० सेकंद, तेरा-चौदा मिनिटं. तेवढा वेळ तुमचं प्रूफ रांगेत.

अख्खी फाइल चढण्याचं म्हणाल तर सगळीकडे तसं नाही. ड्रॉपबॉक्स फाइलचे ४ एमबीचे तुकडे करतं आणि बदललेला तुकडाच पाठवतं. पण कोरलमध्ये गोम अशी आहे की एक्स-फोर व्हर्जनपासून पुढची सीडीआर (म्हणजे कोरलची) फाइल आतून झिप, म्हणजे दाबून बांधलेली, असते, आणि झिपमध्ये सुरुवातीला जरा काही हललं की पुढचं बरंच हलतं, त्यामुळे तुकडे करूनही फार वाचेल असं नाही. म्हणून ही मागणी टाका, पण त्यावर फार जोर देऊ नका. फोटो सीडीआरच्या आत न टाकता बाहेर ठेवून लिंक केले तर फाइल हलकी राहते आणि फोटो एकदाच चढतात, हे तुमच्या हातात आहे.

दुकानात दोन पीसी आहेत तर लॅन सिंक मागा. एका पीसीवर फाइल आहे तर दुसऱ्याने ती शेजारून राउटरमधूनच घ्यायची, पार ढगात जाऊन परत कशाला आणायची? हे काही ॲपमध्ये आहे आधीपासून. आणि रात्रीच्या वेळेचं तर अजिबात अवघड नाही. आरक्लोन नावाचं फुकट टूल आहे, त्यात कितीपासून कितीपर्यंत किती स्पीड द्यायचा ते वेळापत्रक एका ओळीत लिहिता येतं. पण ते काळ्या स्क्रीनवर टाइप करावं लागतं, दुकानातल्या पोराच्या हाती देण्यासारखं नाही.

धुळे_खान्देश

मामालेच इसरी गयात भाऊ? 😂

माझी पण एक लिहा. माझ्या भाच्याला घरच्या लॅपटॉपची सी ड्राइव्ह फुल दिसली, त्याने मोठा फोल्डर बघून डिलीट मारला, त्याला वाटलं फक्त इथलाच जाईल. तिकडे ऑफिसात माझ्या डोळ्यांसमोर एकेक फाइल गायब होतेय आणि मी माउस हातात धरून नुसता बघतोय. ट्रॅशमध्ये सापडलं सगळं, पण ट्रॅशला पण मुदत असते, गुगल ड्राइव्ह तर ऑक्टोबर २०२० पासून ३० दिवसांनी आपोआप साफ करतं, आधी पडून राहायचं. मी गावाला महिनाभर असतो आणि घरी कोणी असं केलं असतं तर? पन्नासच्या वर फाइली एका झटक्यात उडाल्या तर थांबा, मालकाच्या मोबाइलवर विचारा, हो म्हटल्यावरच बाकीच्या पीसीवरून काढा. बँक दोनशे रुपयाला ओटीपी मागते, हे आठ वर्षांचं काम न विचारता फेकतात.

केळीवाला_रावेर

आमचा विषय वेगळा. मी केळीच्या व्यापारात, लॅपटॉप घेऊन बागेत फिरतो, तिथे नेट कधी आहे कधी नाही. लॅपटॉपची जागा वाचावी म्हणून ॲप फाइली नुसत्या दाखवायला ठेवतं, खरी फाइल वर ढगात. (वनड्राइव्हमध्ये ही सोय २०१७ ला आली, आता बऱ्याच जणांनी दिलीय.) नाव दिसतं, साइज दिसते, आणि ट्रक भरून उभा, ड्रायव्हर हॉर्न मारतोय, वजनाची शीट उघडायला गेलं की गोल फिरतंय. मला वाटलं फाइल माझ्याकडे आहे! फोल्डरवर राइट क्लिक करून कायम इथेच ठेव असं सांगता येतं हे मला दोन सीझननंतर कळलं, ते पण जळगावला गोलाणी मार्केटमध्ये दुसऱ्याच कामाला गेलो तेव्हा. मागणी एकच, जी फाइल मी रोज उघडतो ती तू होऊन वर पाठवू नको बाबा.

शहाद्याची_बाई

मी जि. प. शाळेत आहे. आमच्याकडे पोषण आहाराची एक्सेल शीट मी शाळेत भरते आणि मुख्याध्यापक सर घरी भरतात, नेट दोघांचंही मनात येईल तेव्हा. मग फोल्डरमध्ये एकाच शीटच्या तीन कॉप्या, एकीला माझ्या कॉम्प्युटरचं नाव चिकटलेलं, एकीला सरांच्या. तांदूळ कुठल्या शीटमध्ये बरोबर आहे ते बघायला दोघांनी अर्धा दिवस फोनवर एकेक ओळ वाचली. दोन्ही शीट शेजारी उघडून फरक रंगवून दाखवला तर काय बिघडेल?

पण मला खरं लिहायचंय ते मराठी नावांचं, ते कोणीच लिहीत नाही. एक, विंडोजमध्ये ड्राइव्हपासून फाइलपर्यंतचा पूर्ण पत्ता साधारण २६० अक्षरांत बसवावा लागतो, पण आपली काना-मात्रा-हलंत सगळी वेगवेगळी मोजली जातात. "विद्यार्थी" आपल्याला तीन अक्षरं दिसतात, कॉम्प्युटरला ती दहा. फोल्डरात फोल्डर, सगळ्यांची नावं मराठीत, की लगेच नाव फार लांब आहे म्हणून सिंक बंद. दोन, "दुसऱ्या" मधला ऱ्या. तो एका कीबोर्डने वेगळा उमटतो आणि दुसऱ्याने वेगळा. काही ठिकाणी नुक्त्याचा ऱ असतो, काही ठिकाणी साधा र, हलंत आणि मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह. डोळ्याला दोन्ही सारखेच, पण कॉम्प्युटरला दोन वेगळी नावं. सर्चमध्ये मी "दुसऱ्या सत्राचे गुण" टाकते, समोर फाइल दिसतेय आणि ॲप म्हणतंय सापडली नाही. पत्रिकावाले दादा, हे फॉर्ममध्ये नक्की लिहा.

बोदवडचा_पुण्यात

ताई, एक नंबर. आम्ही नावं टेस्ट करतो म्हणजे इंग्रजीत "टेस्ट एक, टेस्ट दोन", हे कोणाच्या डोक्यातच येत नाही. उद्या ऑफिसात आमच्या सर्चवर पण करून बघतो, मला धाकधूकच आहे.

पत्रिकावाला_अमळनेर

सगळ्यांचे आभार. काल रात्री फॉर्म भरला. पहिला नंबर न गेलेल्या फाइलींचा, तो मी सोडणार नव्हतोच, मग डिलीट करताना विचारणं, मग वेळापत्रक, लॅन सिंक, केळीवाल्या भाऊंचं, ताईंची शीट. तुकड्यांचं बोदवडच्या भाऊने सांगितल्यावर शेवटी टाकलं. फोटो लिंक करायला आजपासून सुरुवात केली, पोरगा कुरकुर करतोय.

मामांचं विचाराल तर पत्रिका परत छापल्या, माझ्या खर्चाने, आणि मामांच्या हातात पहिली पत्रिका मी स्वतः नेऊन दिली. चहा पाजला त्यांनी.

ताई, तुमचं ऱ्याचं वाचून मी फॉर्म अर्धा सोडून आधी आमचे फोल्डर बघितले. "पाटील दुसऱ्या मुलीचं लग्न" नावाचे दोन फोल्डर निघाले, एक दुकानातल्या पीसीवर बनवलेला, एक घरी बायकोने बनवलेला. एकात ११ फाइली, दुसऱ्यात ४. त्या चारात हळदीचे फोटो आहेत, जे हार्ड डिस्क खराब झाली म्हणून गेले असं मी पाटलांना सांगितलं होतं. आता त्यांना काय तोंडाने फोन करू ते सुचवा.