गोसेच्या बॅकवॉटरमध्ये छोट्या बोटीसाठी लंगर कोणता घ्यावा? दगड टिकत नाही

कुहीवाला_पोरगा
नमस्कार मंडळी. आमचं गाव गोसेच्या, म्हणजे गोसेखुर्द धरणाच्या, बॅकवॉटरच्या काठावर, कुही तालुक्यात. दिवाळीनंतर मी अन् चुलतभावानं मिळून १२ फुटी फायबरची बोट घेतली, सेकंडहँड, मागं छोटं पेट्रोल इंजिन आहे. धंद्यासाठी नाही, सुट्टीच्या दिवशी गळ टाकून बसायचं, पाहुणे आले तं आंभोऱ्याकडे चक्कर मारून आणायची, एवढंच. अडचण अशी का बोट एका जागी थांबतच नाही. सध्या १० किलोचा दगड हिरव्या प्लास्टिकच्या दोरीनं बांधून सोडतो, सकाळी ठीक राहते पण ११-१२ वाजले का हवा सुटते अन् बोट दगडासकट सरकत जाते, गळ कुठं अन् आपण कुठं. चुलतभाऊ म्हणते २० किलोचा दगड घे. ऑनलाइन पाहिलं तं छत्रीवाला, चार नख्यांचा घडीचा, दोन पात्यांचा, असे कितीतरी प्रकार, डोस्कंच फिरलं. आम्ही थांबतो तिथं पाणी १०-१५ फूट, काही जागी जास्त. खाली कुठं गाळ, कुठं जुन्या वावरातली कन्हार (काळी चिकट माती) अन् कुठं बुडलेली झाडं बी आहेत. कोणता घेऊ, किती वजनाचा, दोर किती? कोणाले माहीत असन तं सांगा.

डोंगावाला_पवनी
२० किलोचा दगड उचलून काय कंबर मोडून घेतं का भाऊ. आमच्या घरी पिढ्या गेल्या डोंग्यावर, आम्ही दगडच वापरतो, पण आमचा डोंगा लाकडाचा अन् जड, पाण्यात खाली बसलेला, त्याले हवा कमी लागते. तुमची फायबरची हलकी, अर्धी अधिक पाण्याच्या वरच, तिले हवा ढकलणारच. दगडच ठेवायचा असन तं गोल गोटा घेजो नको, थो लोळतच जाते, चापट कोपऱ्याचा पाहजो ज्याले मंधात खाच आहे म्हणजे दोर बी निसटत नाही.

अन् जिथं पाणी पाच-सहा फूट आहे तिथं लंगराच्या भानगडीत पडूच नका. दोन चांगले पक्के बांबू घ्या, टोक तासून गाळात रोवा, एक पुढं एक मागं, बोट बांधा दोन्हीले. हालत नाही काही. मामा तलावात (जुन्या मालगुजारी तलावात) तं सारे असंच करतात. फक्त खाली मुरूम लागला तं बांबू जात नाही, मंग उपेग नाही.

एक सांगून ठेवतो, राग नका मानू. थर्माकोलचे तुकडे नाही तं पाण्याच्या रिकाम्या बाटल्या ओळीनं तरंगताना दिसल्या तं ते जाळं आहे कोणाचं तरी. तिथं लंगर टाकला का जाळं फाटते अन् त्याची आठवड्याची कमाई जाते. धरणातल्या मासेमारीचा ठेका मच्छीमार संस्थेकडे राहते, गळ टाकायच्या आधी तिथल्या लोकायले विचारून घ्याल तं तुमालेच बरं.

आर्वीचा_खलाशी
मी जहाजावर होतो, आता गावी संत्री पाहतो, पण लंगराचा विषय निघाला की राहवत नाही म्हणून जरा लांबवतो.

आधी दगडाचं. दगड पाण्यात गेला की त्याचं वजन तेवढं राहत नाही, जितकं पाणी त्याने बाजूला सारलं तितकं वजन कमी होतं. १० किलोचा दगड पाण्यात ६ किलोच्या आसपास उरतो, सिमेंटचा ठोकळा त्याहून थोडा कमीच. लोखंडाचं तसं नाही, १० किलोचं पाण्यातही साडेआठच्या वर भरतं. आणि हवेचा जोर असा वाढतो की वेग दुप्पट झाला तर बोटीवरची ओढ चौपट होते. म्हणजे सकाळी पुरणारा दगड दुपारी पुरणार नाहीच, आणि २० किलोचा घेतला तरी उन्हाळ्यातल्या वावधनात (वादळी वाऱ्यात) तोही सरकेल. नुसत्या वजनावर बोट धरणं हा महागडा आणि कंबर मोडणारा उपाय आहे.

खरा लंगर वजनावर नाही, जमिनीत घुसून धरतो. आपल्याकडे कोणालाही कळेल असं सांगतो, वखराला ओढ खालून राहिली तर पास, म्हणजे त्याचं लोखंडी पातं, जमिनीत जाते, आणि ओढ वरून आली तर वखर उचलला जाऊन वरवर खरडत जातो. लंगराचं तेच. ओढ जितकी आडवी तितका तो खोल जातो, उभी ओढली की सुटतो. म्हणून सगळी मेख दोराच्या लांबीत आहे. पाण्याची खोली अधिक बोटीचं नाक पाण्यापासून जितकं वर आहे ती उंची, ही बेरीज करा आणि तिच्या निदान पाचपट दोर सोडा, हवा जास्त असेल तर सातपट. तुमचं १५ फूट पाणी, वर नाकाचा एक फूट, म्हणजे १६. पाचपट ८० फूट, सातपट ११२ फूट. तिप्पट सोडला तर दोर जमिनीशी जवळजवळ २० अंशात उभा राहतो, सातपटीला तोच कोन ८ अंशावर येतो, फरक इथेच पडतो. माझी खात्री आहे की तुम्ही १५ फूट पाण्यात २० फूट दोर सोडत असणार. १० पैकी ९ लोक तेच करतात आणि मग लंगराला शिव्या देतात.

दोर नायलॉनचा घ्या, १० एमएम. ताकदीला ८ चालतो पण ओला बारीक दोर हाताला कापतो. नायलॉन ताणतो, त्यामुळे लाटेचा झटका लंगरापर्यंत पूर्ण जात नाही, आणि तो बुडतो. तुमचा हिरवा प्लास्टिकचा दोर तरंगतो, म्हणजे ओढ वरून येते आणि सैल पडला की इंजिनच्या पंख्यात गुंततो. तो गुरांना ठेवा.

लंगर आणि दोर यांच्या मध्ये साखळी हवीच. ६ एमएमची सहा-सात फूट पुरे, मीटरला पाऊण किलोच्या वर भरते. तिच्या वजनाने लंगराचा दांडा खाली झोपून राहतो, शिवाय दगडावर, खोडावर घासायचं काम साखळी करते, दोर वाचतो. जोडायला डी शॅकल, म्हणजे पिन लावून बंद होणारी लोखंडी कडी, आणि शॅकलची पिन तारेने बांधून टाका, नाहीतर ती आपोआप फिरून सुटते.

प्रकारांबद्दल. तुमच्या गाळाला आणि कन्हारीला दोन पात्यांचा सगळ्यात बरा, त्याला डॅनफोर्थ म्हणतात, १२ फुटी बोटीला दोन-अडीच किलोचा पुरतो, सपाट होतो म्हणून ठेवायलाही सोपा. कमजोरी अशी की शेवाळात, गवतात पाती घुसत नाहीत, वरच घसरतात, आणि हवेची दिशा फिरली तर कधी कधी सुटून पुन्हा धरत नाही. नांगराच्या फाळासारखा दिसणारा सीक्यूआर हा १९३३ मध्ये जी. आय. टेलर या इंग्रज गणितज्ञाने काढला, हवा फिरली तरी तो वळून धरून राहतो, पण तुमच्या बोटीला तो उगाच जड आणि महाग. छत्रीवाला म्हणजे मश्रूम, तो १९व्या शतकाच्या सुरुवातीला रॉबर्ट स्टीव्हन्सनने दीपनौकेसाठी (दीपस्तंभाचं काम करणाऱ्या, एकाच जागी उभ्या नौकेसाठी) बनवला होता, एकाच जागी महिनोन्‌महिने पडून गाळात रुतत जाण्यासाठी. तुम्ही दोन तास थांबणार, तेवढ्यात तो रुतत नाही, म्हणजे परत नुसतं वजनच झालं.

टाकायची पद्धत. हवेकडे तोंड करून हळू जा, थांबा, बोट मागे सरकायला लागली की लंगर हाताने सोडा. फेकू नका, फेकला की साखळी त्याच्यावरच पडून गुंता होतो. बोट मागे जाईल तसा दोर देत राहा, तिप्पट गेला की जरा अडकवून ताण द्या म्हणजे पाती घुसतील, मग बाकीचा सोडा आणि बांधा. इंजिन अगदी हळू रिव्हर्सला टाकून पाहा. मग काठावरच्या दोन वस्तू एका रेषेत धरा, म्हणजे समजा एक पळस आणि त्याच्या मागचा विजेचा खांब. रेषा मोडली नाही तर लंगर बसला.

लाखांदूर_फॅब्रिकेशन
खलाशी भाऊनं बरोबर सांगितलं पण एक गोष्ट राहिली. गोसेत बुडलेली झाडं लय आहेत, तिथं अडीच किलोचा विकतचा लंगर अडकला का गेला समजा, पैसे पाण्यात.

आमच्याकडे लोक बनवून नेतात तो सांगतो. दीड फुटाचा जाड लोखंडी पाइप, त्याच्या एका तोंडातून ८ एमएमच्या साध्या सळईचे चार तुकडे घालायचे, बाहेर सहा-सात इंच ठेवून वाकवायचे, आतून वेल्डिंग मारायचं. वरच्या तोंडाले कडी. झाला चार नख्यांचा लंगर. गंमत अशी का हा खोडात अडकला तं दोर बोटीच्या पुढच्या खुंट्याले बांधून इंजिननं हळूहळू ओढायचं, नख्या सरळ होतात अन् लंगर सुटून येते. बोटीत बसल्या बसल्या हातानं परत वाकवता येतात नाही तं पान्यानं. म्हणून सळई साधी पायजे, टीएमटीचा सरिया वाकवून वाकवून तुटते अन् १२ एमएमची घातली तं सरळच होत नाही, मंग अडकला तो अडकलाच. गाळात मात्र हा कमी धरते, ते कबूल, नख्या बारीक असतात.

म्हणून माझं म्हणणं, दोन ठेवा. मोकळ्या गाळात पात्यावाला, झाडंझुडपं असन तिथं हा.

कुहीवाला_पोरगा
वा, एवढं कोणी सांगितलं नव्हतं. खलाशी काका, तुमचा अंदाज बरोबर निघाला, दोर २५ फूटच आहे 😄 १२० फूट नायलॉन घेतो आता. दोन शंका. आमच्या बोटीत पुढं बांधायले काही नाही, कडी मागं इंजिनजवळ आहे, तिथं बांधलं तं चालते का? अन् पात्यावाला अडकला तं काढाचा कसा?

आर्वीचा_खलाशी
मागे बांधायचं नाही. हे वाचणाऱ्या सगळ्यांनाच सांगतो, छोटी बोट मागून कधीच लंगरावर धरायची नाही. मागचा भाग सपाट असतो, इंजिनच्या वजनाने आधीच खाली बसलेला असतो, त्यात पेट्रोलची टाकी, वर तुम्ही दोघं. लाट आली किंवा नदीची धार वाढली की दोर त्या टोकाला आणखी खाली खेचतो आणि पाणी सरळ आत. भरायला मिनिटही लागत नाही. पुढे नाकावर एक यू बोल्ट बसवून घ्या, आतून मोठा वायसर आणि लाकडाची पट्टी लावून, नुसता फायबरमध्ये स्क्रू मारला तर तो उपटून येईल.

अडकण्याबद्दल. पात्यावाल्याला खालच्या बाजूला, जिथे पाती जोडलेली असतात तिथे, एक भोक असतं. साखळी वरच्या टोकाला न जोडता या खालच्या भोकात जोडा, दांड्यावरून वर आणा आणि वरच्या टोकाला सुतळीने नाहीतर प्लास्टिकच्या टायने बांधा. एरवी ओढ वरच्या टोकावरूनच जाते. अडकला की बोट बरोबर त्याच्यावर न्या, जोरात ओढा, सुतळी तुटते आणि लंगर उलट्या बाजूने निघून येतो. पण खराब हवेत, किंवा बोट सोडून जायचं वा झोपायचं असेल तर ही युक्ती नको, कारण सुतळी नको तेव्हाही तुटू शकते.

आणि हे काहीच जमलं नाही तर दोर कापा. सुरी हाताशी ठेवा. लंगर दुसरा मिळतो.

नवेगाव_पाखरू
मी नवेगावबांधकडचा, पक्ष्यांचे फोटो काढायला हवा भरायची छोटी बोट वापरतो. खलाशी साहेबांशी एका बाबतीत पटत नाही. मश्रूम एवढा वाईट नाही. माझ्या कामाला उथळ पाणी, सकाळची शांत वेळ, तिथं तो पुरतो, आणि मुख्य म्हणजे त्याला टोक नाही. रबराच्या बोटीत नख्यांचा लंगर ठेवणं म्हणजे स्वतःच्या हाताने भोक पाडणं. हवा सुटली की मी तसाही काठावर असतो.

शेवाळाचं मात्र खरं आहे. आपल्या तलावांमध्ये उन्हाळ्याकडे पाणवनस्पतींचा इतका गच्च थर होतो की कोणताही लंगर टाका, वर येताना भारा घेऊनच येतो, आणि पात्यांवर गवत बसलं की परत टाकून उपयोग नाही, साफ करूनच टाकावा लागतो. काठाजवळ बेशरमची झुडपं पाण्यात असतील तर सरळ त्याच्या दोन-तीन बुडख्यांना एकत्र दोर गुंडाळा, एका फांदीवर भरवसा ठेवू नका, ती मोडते.

दोर बादलीत गोल टाकत ठेवा, पायाखाली नको. सुटताना पायात वेढा बसला तर माणूसच जातो. आणि लंगर ओढताना सगळे एका बाजूला उभे राहू नका. २०१७ मध्ये वेणा धरणावर नाव उलटली ते नागपूरकडच्या सगळ्यांना आठवत असेल. जॅकेट घालून बसा, बाकी मी काही सांगत नाही.

कुहीवाला_पोरगा
जॅकेटं आहेत चार, पण चुलतभाऊ त्याच्यावर बसते. सांगतो त्याले. अजून एक, रात्री बोट पाण्यातच लंगरावर ठेवली तं चालन का? रोज ओढून वर आणायले दोघं लागतात.

डोंगावाला_पवनी
नको. उन्हाळ्यात एक वेळ समजू शकतो पण पावसाळ्यात गोसेचं पाणी कधी चढन कधी उतरन काही भरवसा नाही, ३३ दरवाजे आहेत धरणाले, वरून पाणी आलं का उघडतात अन् आपल्याले समजत बी नाही. पाणी दहा फूट चढलं तं तुमचा मोजून सोडलेला दोर कमी पडला, लंगर उभा ओढल्या गेला, सुटला. उतरलं तं बोट बुडख्यावर बसून फायबर फुटते. दरवाज्याच्या जवळपास तं दिवसा बी लंगर टाकू नका, अन् नदीले धार असन तं नाहीच.

काठावर ओढा, पालथी घाला, झाडाले साखळीनं कुलूप मारा. खाली दोन गोल लाकडं टाकली तं एकट्यानं बी सरकते. इंजिन घरी नेजो, थे कोणी ठेवत नाही.

अन् दर पाच फुटावर दोराले रंगीत चिंध्या बांधून ठेव, म्हणजे खोली मोजता येते अन् किती सोडला थे बी दिसते.

लाखांदूर_फॅब्रिकेशन
यू बोल्ट अन् पट्टीचं माप पाठव, नाकाजवळ फायबर किती जाड आहे थे पाहून. शक्य असन तं बोटच घेऊन ये ट्रॉलीवर, फोटोवरून भोक मारायचं काम आपण करत नाही.