मदत हवी आहे: रोहूवर एलसी-५० काढायला समितीची परवानगी लागते का?

नमस्कार. एमएस्सी प्राणिशास्त्र, दुसरं वर्ष. प्रकल्पात रोहूच्या बोटुकलीवर क्लोरपायरीफॉस या कीटकनाशकाची एलसी-५० (निम्मे मासे मरतील अशी पाण्यातली मात्रा) काढायची आहे. ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या २०३ क्रमांकाच्या चाचणीपद्धतीप्रमाणे पाच मात्रा आणि एक कंट्रोल, प्रत्येकी किमान ७ मासे, ९६ तास.

सर म्हणतात, "बाजारात किलोने मिळतात, त्यांना कसली आलीय परवानगी?" पण १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात माणूस सोडून प्रत्येक सजीव 'प्राणी' आहे, आणि २०२१ मध्ये प्राण्यांवरच्या प्रयोगांवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्रीय समितीने, सीपीसीएसईएने (आताची सीसीएसईए), माशांसाठी वेगळी मार्गदर्शक तत्त्वेही काढली. आमच्या महाविद्यालयात प्राणी नैतिकता समितीच नाही. मग जायचं कुठे?

आणि मला जास्त छळणारी गोष्ट वेगळीच आहे. मागच्या बॅचच्या टाक्या मी पाहिल्यात. मासे आधी वर येऊन तोंड मारत राहतात, मग गरगर फिरतात, शेवटी कुशीवर पडतात. पडल्यावरही कल्ले हलत असतात. काचेची कांडी शेपटीला लावली की जरासा हलतो, म्हणून वहीत 'जिवंत'. तो तसाच तासन्‌तास पडून राहतो. अशा माशाला आधीच बाहेर काढता येतं का? काढला तर आकडा ग्राह्य धरतात का?

प्रतिसाद
काढता येतं, काढायलाच हवं. कुशीवर पडला, टोचल्याशिवाय हलत नाही, हे निकष आराखड्यातच लिहा आणि तो मासा 'मृत' धरा. एमएस-२२२ या माशांच्या भूल देणाऱ्या औषधाच्या द्रावणात ठेवा, पण खायचा सोडा घालून आम्लता मोडल्याशिवाय नको. कल्ले थांबल्यावरही किमान १० मिनिटं त्यातच राहू द्या.

परवानगीसाठी जवळच्या फार्मसी महाविद्यालयात विचारा. तिथे बहुधा नोंदणीकृत समिती असते. प्रयोग मात्र त्यांच्याच प्राणिगृहात, त्यांच्यासोबत मिळून करावा लागेल.

पण समिती पहिला प्रश्न विचारेल: रोहूवरची ही एलसी-५० आधीच कितीतरी वेळा छापून आलीय, मग परत कशाला? मला तर हा प्रश्न रास्तच वाटतो. छापील आकड्याच्या बऱ्याच खालची मात्रा घेऊन मेंदूतलं ॲसिटिलकोलिनएस्टरेज हे विकर (एन्झाइम) मोजा. हे कीटकनाशक त्याच विकरावर घाला घालतं. मासे कमी लागतील आणि प्रबंधात सांगण्यासारखं काही निघेल. मृत्यूचाच आकडा हवा असेल तर झेब्राफिशच्या भ्रूणावरची ओईसीडीचीच २३६ क्रमांकाची चाचणी आहे, भ्रूण स्वतः खायला लागण्याआधीच संपते.

सरांना आराखडा दाखवण्याआधी इथे टाका, वाचून देते.