पहिलं स्वतःचं धनुष्य: ४५ पाउंडांचा तयार ‘हंटिंग’ सेट घ्यावा का?

कोथरूडचा_नेम: क्लबच्या लाकडी रिकर्व्हवर (टोकं पुढे वळलेलं धनुष्य) १८ मीटरचा बेसिक कोर्स झालाय. आता स्वतःचं धनुष्य घ्यायचंय, बजेट ३५ हजारांपर्यंत. ऑनलाइन ‘हंटिंग’ नावाने ४५ पाउंडांचा (ओढायला तेवढा जोर लागणारा) टेकडाउन, म्हणजे सुटे भाग करता येणारा सेट सहा बाणांसकट स्वस्तात दिसतोय. एक मित्र म्हणतो क्रॉसबो (बंदुकीसारखं ट्रिगर दाबून सोडायचं धनुष्य) घे, नेम लवकर बसतो. शिकार वगैरे डोक्यात नाही, पुढेमागे ७० मीटर खेळायचंय. उजवा हात, दोन्ही हात पसरल्यावर बोटाच्या टोकापासून टोकापर्यंत १७२ सेंमी.

पांढरी_कडा: ४५ पाउंड विसरा. धनुष्य ओढायला जड झालं की ओढणारा खांदा वर जातो, कोपर खाली पडतं, हनुवटीखालचा अँकर (ओढलेला हात टेकवायची जागा) दर बाणाला बदलतो. हे एकदा अंगवळणी पडलं की मोडायला फार वेळ जातो.

१७२ भागिले २.५ म्हणजे सुमारे ६९ सेंमी, तुमची ड्रॉ लेंग्थ (ओढीची लांबी) २७ इंच धरा. त्याला ६८ इंची धनुष्य लागतं: २५ इंची रायझर (मधला मुठीचा भाग) आणि मीडियम लिंब (रायझरच्या वर-खाली बसणाऱ्या लवचीक पात्या). लिंबवरचे पाउंड २८ इंच ओढीचे असतात. इंचभर कमी ओढलं की साधारण दोन पाउंड कमी, म्हणजे २६ लिहिलेलं लिंब तुमच्या बोटांवर २४ च्या आसपास येईल. सुरुवातीला तेवढं पुरे.

पैसे रायझरवर घाला, आणि तो आयएलएफ (लिंब बसवायची सर्वमान्य पद्धत) खाचेचाच घ्या. त्यात कोणत्याही कंपनीचं आयएलएफ लिंब बसतं आणि लिंब बोल्ट फिरवून थोडे पाउंड कमीजास्त करता येतात. पहिली लिंब साधी, लाकूड-फायबरची चालतील, कारण ती तशीही बदलायची आहेत. त्या ‘हंटिंग’ सेटची लिंब बहुतेक वेळा बोल्टने कसलेली असतात. पुढे ओढीचं वजन (पाउंड) वाढवायचं तर त्याच कंपनीच्या मागे लागा.

कोथरूडचा_नेम: वजन कधी वाढवायचं हे कसं ओळखायचं? आणि सेटमधले बाण तरी वापरता येतील का?

पांढरी_कडा: स्पर्धेच्या क्वालिफिकेशनला ७२ बाण असतात. तेवढे मारून शेवटच्या सहा बाणांनाही पूर्ण ओढीवर थरथर नसेल, अँकर जागेवर असेल, तर दोन पाउंड वाढवा. एकदम सहा-आठ नको. ७० मीटरला बोटांवर ३४-३६ पाउंड आणि हलके कार्बन बाण असले की साइटची (धनुष्यावर लावलेल्या नेम धरायच्या साधनाची) पिन आवाक्यात राहते. तिथवर घाई नको.

स्पाइन_वाला: बाणांचं मी सांगतो, लोक नेमके इथेच फसतात. २८ इंचांवर आधार देऊन मधोमध ८८० ग्रॅम टांगले की नळी किती वाकते तो स्पाइन, इंचाच्या हजारांशात. आकडा लहान तितका बाण कडक. अशा सेटमध्ये सहसा ५०० चे बाण येतात. तुमच्या २४ पाउंडांना ९०० ते १००० च्या आसपासचे लागतील. ५०० चा बाण तुमच्या धनुष्यात पुरेसा वाकणारच नाही आणि उजव्या हाताच्या तिरंदाजाचे बाण लक्ष्याच्या डावीकडे जातील. मग माणूस साइट सरकवत बसतो, दोष बाणाचा असतो.

लांबी ओढीपेक्षा दीड-दोन इंच जास्त ठेवा. ओढ अजून वाढेल, आणि आखूड बाण रेस्टच्या (बाण टेकवायच्या आधाराच्या) मागे घसरून सुटला तर धनुष्याच्या हातात घुसतो.

पांढरी_कडा: क्रॉसबोचं राहिलंच. नेम लवकर बसतो हे खरं, कारण स्ट्रिंग ट्रिगर धरून ठेवतो, तुमची पाठ नाही. पण शिकारीचे क्रॉसबो १५० पाउंडांच्या पुढचे असतात, आणि ताणल्यावर बहुतेक मॉडेलमध्ये बोल्ट (क्रॉसबोचा आखूड बाण) मारूनच रिकामे करावे लागतात. पुढच्या हाताचा अंगठा रेलच्या (बोल्ट ज्यावरून सरकतो त्या पट्टीच्या) वर राहिला तर स्ट्रिंग तो सोलून नेते. ऑलिंपिकच्या तिरंदाजीत त्याला जागा नाही, आणि शिकारीला आपल्याकडे १९७२ पासून वन्यजीव कायदा आडवा आहे. २०२३ ला साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे बर्लिनला जगज्जेते झाल्यापासून कंपाउंडची (टोकांना चाकं असलेल्या धनुष्याची) चौकशी करणारे वाढलेत. ते वेगळं, ५० मीटरचं आणि बरंच महाग प्रकरण आहे.

मेणाची_वडी: जोडणीबद्दल थोडं. धनुष्यावर स्ट्रिंग चढवायला स्ट्रिंगरच (त्यासाठीची खास दोरी) वापरा, पाय अडकवून वाकवलं की लिंब पिळतं. ६८ इंचीला ब्रेस हाइट (मुठीपासून स्ट्रिंगपर्यंतचं अंतर) साडेआठ ते नऊ इंच. कमी भरली तर स्ट्रिंग काढून पीळ वाढवा. मागून पाहिल्यावर स्ट्रिंग दोन्ही लिंबच्या मधोमध दिसायला हवी. लिंबची टोकं फास्ट फ्लाइटसाठी (न ताणणाऱ्या धाग्याच्या स्ट्रिंगसाठी) मजबूत केलेली नसतील तर थोड्या ताणणाऱ्या डॅक्रॉनचीच स्ट्रिंग लावा, नाहीतर टोक फुटतं. बाण न लावता कधीही सोडू नका, दुकानात ‘बघू जरा’ म्हणूनसुद्धा. आणि एप्रिल-मेमध्ये गाडीच्या डिकीत धनुष्य ठेवू नका, उन्हाने लिंबचे थर सुटतात.

खरेदीआधी डोळा तपासा. दोन्ही हात लांब करून तळव्यांत छोटं भोक ठेवा, त्यातून लांबची वस्तू बघा आणि एकेक डोळा मिटा. उजवा मिटल्यावर वस्तू गायब झाली तर उजवा डोळा प्रबळ, उजव्या हाताचं धनुष्य बरोबर. डावा निघाला तर रायझर घेण्याआधी प्रशिक्षकाशी बोला.

कोथरूडचा_नेम: उजवाच आहे. २५ इंची आयएलएफ रायझर, २६ ची मीडियम लिंब. बाण ओढ मोजून झाल्यावर. सोसायटीच्या गच्चीवर सराव चालेल ना?

मेणाची_वडी: नाही. २४ पाउंडांचा बाणसुद्धा कठडा ओलांडून सहज खालच्या रस्त्यावर जातो. घरी रबर बँडने ओढीचा सराव करा, बाण क्लबातच.