परांजपे परिवार ग्रुप: 24 डिसेंबरला नॉर्वेतल्या बर्गनमध्ये जेवायचं काय?

नंदाकाकू: हॉटेलची मेल आली आहे. 24 ते 26 किचन बंद, फक्त सकाळचा नाश्ता. ऐन ख्रिसमसला? पैसे भरण्याआधी कोणी वाचलं नव्हतं का?

अनिकेत (बर्गन): काकू, नाश्ता मिळतोय हेच खूप. इथली कित्येक हॉटेलं त्या आठवड्यात कुलूपच लावतात. 24 म्हणजे यांचं लक्ष्मीपूजन. दुपारी दुकानं बंद, संध्याकाळी पाचला चर्चच्या घंटा, मग सगळे आपापल्या घरी. 25, 26 सुट्टी. 23 लाच तीन दिवसांचं खाणं भरून ठेवा.

सुहासकाका: म्हणजे ख्रिसमस बघायला जायचं आणि खोलीत बसायचं 😂 वा मीनल!

मीनलताई: काका, तारखा तुमच्या रजेवरून ठरल्या. मी जुलैमध्येच 12 ते 19 डिसेंबर म्हटलं होतं. वर जाऊन बघा.

बाळमामा: व्हिसाचं काय झालं?

अनिकेत: मीनलताईचं बरोबर होतं. फेस्टप्लासेन चौकातला ख्रिसमस बाजार ख्रिसमसच्या आधीच आटोपतो. पेपरकाकेब्यून, म्हणजे जिंजरब्रेडचं गाव, वर्ष संपेपर्यंत असतं. 1991 पासून बालवाड्या-शाळांतली मुलं घरं, जहाजं भाजून आणून देतात. 24-25 बंद धरा, 27 ला जा. फ्लॉयबानेन (1918 ची डोंगरावरची रेल्वे, 320 मीटरपर्यंत) सुट्टीतही असते, वेळा कमी. 643 मीटर उंचीच्या उलरिकेन डोंगराचा रोपवे वारा सुटला की बंद. त्याचं तिकीट त्याच दिवशी सकाळी हवा बघून काढा.

सुहासकाका: आणि नॉर्दर्न लाइट्स कुठून दिसतात?

अनिकेत: बर्गनमधून धरूच नका काका. शहर 60 अंश अक्षांशावर, वर ढग. त्यासाठी दूर उत्तरेचं ट्रॉम्सो. इथे उजाडतं पावणेदहाला, सूर्य मावळतो साडेतीनच्या सुमारास. ब्रिगेन (बंदरावरची जुनी लाकडी घरं) आणि डोंगर 11 ते 3 मध्ये उरका, म्युझियम नंतर.

नंदाकाकू: बर्फ तरी असेल ना? मुलांना तेवढंच सांगून ठेवलंय.

अनिकेत: शहरात खात्री नाही. समुद्रामुळे तापमान शून्याच्या वरच घुटमळतं, म्हणून पाऊसच जास्त. वर्षाला दोन हजार मिलीमीटरच्या वर. खरा त्रास रात्री तो फरशीवर गोठला की होतो. सकाळी त्या बर्फावर पाण्याचा पातळ थर, बूट कितीही भारी असू दे, पाय सटकतो. ब्रोडर घ्या: बुटावर चढवायचा रबरी पट्टा, खाली खिळे. खेळाच्या दुकानात मिळतात. मात्र दुकानात शिरताना काढायचे, गुळगुळीत लादीवर त्या खिळ्यांनीच माणूस आपटतो. छत्री आणू नका, उलटी होते. जीन्स भिजली की दिवसभर वाळत नाही. आत लोकरीचं, वर वॉटरप्रूफ, पँटसुद्धा.

बाळमामा: व्हिसाचं काय झालं?

नंदाकाकू: मी तूप आणि पनीर घेतेच आहे. जेवणाचं मी बघते, आता कोणावर अवलंबून राहायचं नाही.

अनिकेत: काकू, ते दोन्ही नको. युरोपबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे, कस्टमवाले काढून घेतात. पोहे, उपम्याची पाकिटं, मेतकूट, लोणचं आणा. खोलीत फक्त किटली असेल. उपमा झाकणाच्या डब्यात, वर उकळतं पाणी, आठ मिनिटं बंद. किटलीत काही शिजवू नका, आणि तळणं नकोच, धुराचा अलार्म वाजतो.

सुहासकाका: आम्ही मात्र पिनेशॉट खाणार. सांग रे अनिकेत 😋

अनिकेत: मेंढीच्या बरगड्या, खारवून वाळवलेल्या. साधारण 30 तास पाण्यात भिजवतात, नीट भिजल्या नाहीत तर तोंडात घालवत नाही इतक्या खारट. मग बर्चच्या काड्यांवर तीन तास वाफ, बरोबर रुटाबागाचा (सलगमसारख्या कंदाचा) लगदा. 24 ला ती घराघरांतच असते, रेस्टॉरंटमध्ये हवी तर 22 च्या आत टेबल धरा. आणि काका, दुकानातली बिअर रात्री 8 नंतर नाही, शनिवारी 6 नंतर नाही.

नंदाकाकू: मुलं वाचतात हा ग्रुप.

सुहासकाका: मुलं झोपली असतील वहिनी. तुम्ही मात्र जाग्या 🙏

बाळमामा: व्हिसाचं काय झालं?

मीनलताई: मामा, तिसऱ्यांदा! शेंगेन (युरोपातल्या बऱ्याच देशांचा एकच व्हिसा), 90 युरो, वर 30,000 युरोचा विमा. अर्ज सहा महिने आधीपासून घेतात, 15 दिवसांपेक्षा कमी उरले तर नाही. माझी फाईल तयार आहे. बाकीच्यांचे फोटो अजून यायचेत, मामा, तुमचाही. पासपोर्ट तपासणी पहिल्या शेंगेन विमानतळावर होते, म्हणून ॲमस्टरडॅमला दोन तासांचं अंतर ठेवलंय. तासाभराचं स्वस्त होतं, पण तपासणीची रांग लांबली तर पुढचं विमान जातं.

अनिकेत: विमानतळावरून टॅक्सी नको, बीबानेन (शहरातली ट्राम) पकडा. 45 मिनिटांत बीपार्केन, म्हणजे शहराच्या मध्यावरचा थांबा. तिकीट चढण्याआधी स्किसच्या (इथली वाहतूक कंपनी) ॲपवर किंवा थांब्यावरच्या मशीनवर, आत मिळत नाही. ऑस्लोची आगगाडी 24-25 ला फार थोडी असते, एन्टुरवर (वेळापत्रकाचं ॲप) नेमकी तारीख टाकून बघा. आणि परत सांगतो: खाणं 23 लाच घ्या.

सुहासकाका: नोंद घेतली. पण एखादा नॉर्दर्न लाइट…

मीनलताई: काका, आधी मागच्या ट्रिपचा हिशोब. 4,200 अजून तुमच्याकडे आहेत.